नव्या युगातील शिलेदार

‘मुलगा सध्या काय करतो?’ हा आपल्या मध्यमवर्गीय समाजातील फार जुना प्रश्न आहे आणि त्याची मान्यताप्राप्त उत्तरेही ठरलेली आहेत. बँकेत आहे, शाळेवर आहे, मंत्रालयात आहे, कंपनीत आहे. फार तर स्पर्धापरीक्षेची तयारी करतो आहे. अलीकडे मात्र या उत्तरांच्या चौकटीत न बसणारे एक उत्तर कानी येऊ लागले आहे. मुलगी घरीच असते. ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही, एक तारखेला तिचा पगार होत नाही. तरीही ती काम करते, कधी कधी मध्यरात्रीपर्यंत करते. आणि तिच्या खात्यावर कधी पुण्याहून, कधी बंगळूरहून, तर कधी परदेशातून पैसे जमा होतात. आईवडिलांना याचा अभिमान वाटावा की चिंता वाटावी, हे नीटसे ठरवता येत नाही. शेजाऱ्यांना काय सांगावे, हा प्रश्न तर त्याहून अवघड असतो.

या कामाला इंग्रजीत ‘फ्रीलान्स’ म्हणतात. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत हा शब्द भाडोत्री भालाईतांसाठी आला आहे. ज्याचा भाला कोणा एका सरदाराला बांधलेला नाही, तो हा स्वतंत्र भालाईत. परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे; शिलेदाराचा पडला तर त्याच्या घरचे. नोकरदार हा आजचा बारगीर आहे आणि घरी संगणक मांडून बसलेला तरुण हा आजचा शिलेदार. त्याचे स्वातंत्र्य आणि त्याची जोखीम या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे ज्याला आरंभीच कळले त्याचे पुढचे अर्धे प्रश्न सुटतात.

बाजाराचे स्वरूप

हा बाजार अगदी कालचा नाही. १९९९ च्या सुमारास ‘इलान्स’ आणि २००३ मध्ये ‘ओडेस्क’ या कंपन्यांनी इंटरनेटवरून काम देणारा आणि काम करणारा यांची गाठ घालून देण्याचा उद्योग आरंभला. पुढे त्या एकत्र आल्या आणि २०१५ पासून ‘अपवर्क’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. ऑस्ट्रेलियातील ‘फ्रीलान्सर’ ही कंपनी २००९ ची, तर इस्रायलमधील ‘फायव्हर’ २०१० ची. या बाजारात श्रम पुरविणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला आहे, असे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या पाहणीत सातत्याने दिसून आले आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने गाडीचालक, घरपोच सेवा देणारे आणि मुक्त व्यावसायिक अशा सर्व प्रकारच्या तात्कालिक काम करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज वर्तवला होता.

या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. पुरवठ्यात आपण पहिले आहोत याचा दुसरा अर्थ असा, की सर्वाधिक स्पर्धाही आपली आपल्याशीच आहे. एखाद्या साध्या कामाची जाहिरात प्रसिद्ध होताच काही मिनिटांत तिच्याभोवती अर्जांची गर्दी होते, आणि त्या गर्दीत उठून दिसण्याचा सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत घातक मार्ग म्हणजे दर पाडणे. मध्यस्थ कंपनी आपला वाटा घेते तो वेगळाच. ‘फायव्हर’वर तो काम करणाऱ्याच्या रकमेच्या वीस टक्के आहे. ‘अपवर्क’वर तर अर्ज करण्यासाठीही ‘कनेक्ट’ नावाचे नाणे खर्चावे लागते आणि वाटणीचे नाणे संपले की ते विकत घ्यावे लागते. अर्थात या मध्यस्थीचा उपयोगही आहे. ठरीव रकमेच्या कामात ग्राहकाचे पैसे आधी मध्यस्थाकडे अनामत राहतात, आणि अनोळखी माणसांतील व्यवहारात ही सोय लहान नव्हे. तेव्हा या मंडीत जरूर जावे; मात्र तिथेच कायमचे घर बांधू नये.

‘कोणतेही काम करीन’

आपल्या शिक्षणाने आपल्याला अर्ज लिहावयास शिकवले, प्रस्ताव लिहावयास शिकवले नाही. ‘मी प्रामाणिक व कष्टाळू असून आपण द्याल ते काम करण्यास तयार आहे’ हे वाक्य नोकरीच्या अर्जात शोभून दिसत असेल. ग्राहक मिळविण्याच्या कामी ते निरुपयोगी आहे. ग्राहकाला आपल्या गरजेशी कर्तव्य नसते, त्याच्या अडचणीशी असते. जो सर्व काही करतो तो नेमके काय करतो, हे कळण्यास त्याला मार्ग नसतो.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्या एखाद्या पदवीधर तरुणीचे उदाहरण घेऊ. ‘भाषांतर करून मिळेल’ अशी पाटी लावणारे हजारो आहेत. परंतु औषधांच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत संमतिपत्र द्यावे लागते. बँकांना आणि विमा कंपन्यांना आपल्या अटी ग्राहकाच्या भाषेत सांगाव्या लागतात. चित्रपट आणि मालिकांना उपशीर्षके लागतात. शेतीच्या अवजारांबरोबर माहितीपुस्तिका द्याव्या लागतात. यांपैकी एक क्षेत्र निवडून त्यातील परिभाषा जिने आत्मसात केली, तिची स्पर्धा हजारांशी राहत नाही. जीवशास्त्राची पदवीधर रुग्णाचे संमतिपत्र ज्या आत्मविश्वासाने मराठीत आणील तो इतरांना सहजी साधणार नाही. हाच न्याय हिशेब लिहिणाऱ्याला, नकाशे काढणाऱ्याला आणि गणित शिकविणाऱ्यालाही लागू आहे. क्षेत्र अरुंद केले म्हणजे काम कमी मिळते, ही समजूत चुकीची आहे. अरुंद क्षेत्रात आपले नाव लक्षात राहते.

त्यानंतर येतो नमुन्याचा प्रश्न. ‘अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही’ ही तक्रार नोकरीत खरी असेल. येथे तिला उत्तर आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून कोणालाही लिहिण्यास खुला आहे. ‘लिबरऑफिस’सारख्या मुक्त प्रणालींचे मराठीकरण स्वयंसेवकांच्या हातूनच होते. तेथे केलेले काम जगाला दिसते आणि नावानिशी दाखविता येते. ते करीत असताना हत्यारांवरही हात बसतो. युनिकोडमधील शुद्ध टंकलेखन, इनस्क्रिप्ट कळफलक आणि ‘ओमेगाटी’सारखे विनामूल्य मिळणारे भाषांतर-साहाय्यक या गोष्टी आज भाषांतरकाराच्या प्राथमिक हत्यारांत मोडतात. छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये पाठवलेला मजकूर ग्राहकाच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतो आणि पहिलीच भेट शेवटची ठरते.

नमुना हाती आल्यावर प्रस्ताव लिहावयाचा. तो दहा-बारा ओळींहून मोठा नसावा. आपल्या आयुष्याचा इतिहास सांगण्याऐवजी ग्राहकाचा मजकूर आपण वाचला आहे, हे त्यातून दिसावे. ‘आपल्या माहितीपत्रकाचा पहिला परिच्छेद भाषांतरित करून सोबत जोडला आहे, रुग्णाला तुम्ही म्हणावयाचे की आपण, हे कृपया कळवावे, संपूर्ण काम इतक्या दिवसांत, इतक्या रकमेत होईल’ एवढे पुरे. शेवटचा प्रश्न विचारणारी व्यक्ती जाणकार आहे, हे ग्राहकाला सांगावे लागत नाही. एका परिच्छेदाचा नमुना विनामूल्य देण्यास हरकत नसावी. ‘चाचणी’ म्हणून वीस पाने फुकट मागणाऱ्याला मात्र नम्रपणे नकार द्यावा.

पहिला ग्राहक पुष्कळदा परदेशात नसतो, गावातच असतो. परिचयाचा प्रकाशक, दवाखाना चालविणारे डॉक्टर, पूर्वीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक यांना आपण नेमके काय करतो हे कळवणे, यात कमीपणा नाही. एक काम चोख केले की त्या ग्राहकाकडून दोन ओळींचा लेखी अभिप्राय मागावा आणि आणखी कोणाला अशी गरज आहे का, हेही विचारावे. भाषांतरकारांच्या ‘प्रोझ’ या १९९९ पासून चालत आलेल्या व्यासपीठावर काम देणाऱ्या संस्थांविषयी भाषांतरकारांनीच नोंदवलेले अनुभव वाचावयास मिळतात. ग्राहक आपली परीक्षा घेतो, तशी आपणही त्याची घ्यावी.

दराचे गणित

आपल्याकडे सर्वाधिक संकोच पैशाविषयी बोलण्याचा असतो. दर विचारला की ‘आपण द्याल ते’ असे उत्तर दिले जाते आणि मग मिळाले ते पाहून मन खट्टू होते. दर हा मागण्याचा विषय नाही, काढण्याचा आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू, की आपल्या तरुणीला खर्च वजा जाता महिना ४० हजार रुपये मिळावयास हवेत. वीज, इंटरनेट, संगणकाची झीज आणि आरोग्यविमा मिळून ८ हजार धरले तर ४८ हजार झाले. महिन्याचे कामाचे दिवस २५. परंतु दिवसाचे आठही तास पैशाचे नसतात. प्रस्ताव लिहिणे, पत्रव्यवहार, दुरुस्त्या, हिशेब आणि अभ्यास यांत निम्मे जातात. म्हणजे मोबदल्याचे तास दिवसाला चार, महिन्याला शंभर. तासाला ४८० रुपये पडले. तासाला तीनशे शब्दांचे काटेकोर भाषांतर होते असे मानल्यास शब्दाला १ रुपया ६० पैसे हा दर निघाला. मध्यस्थ कंपनी वीस टक्के कापणार असेल तर तोच दर दोन रुपये व्हावयास हवा. यात रिकाम्या महिन्यांची आणि आयकराची तरतूद अजून केलेलीच नाही.

आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत. रीत मात्र हीच. जिने हे गणित केले आहे ती पन्नास पैशांना काम घेणार नाही. आणि घेतलेच, तर आपण किती तोट्यात काम करतो आहोत हे तिला ठाऊक असेल. पगारदाराच्या उत्पन्नाशी आपल्या ढोबळ मिळकतीची तुलना करणे हा या व्यवसायातील नेहमीचा भ्रम आहे. पगाराच्या मागे रजा असते, भविष्यनिर्वाह निधी असतो, आजारपणाची सोय असते. शिलेदाराला हे सारे आपल्या दरातूनच उभे करावे लागते. सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक ठेवणे, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडणे, आरोग्यविमा उतरवणे ही त्याची पागा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने मंचावरून काम करणाऱ्या श्रमिकांना प्रथमच कायद्यात स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु जो थेट ग्राहकांचे काम करतो, त्याने तिच्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे होणार नाही.

लेखी असावे

‘शब्दाचा माणूस’ ही आपल्याकडे मोठी पदवी समजली जाते. पण दिलेला शब्दही कागदावर असलेला बरा. कामाचे स्वरूप, मुदत, रक्कम, दुरुस्त्यांच्या फेऱ्या आणि पैसे देण्याची तारीख या पाच गोष्टी निदान ईमेलवर तरी नोंदलेल्या असाव्यात. नव्या ग्राहकाकडून काही रक्कम आगाऊ घेणे हा अविश्वास नव्हे. तो व्यवहार आहे. शिंपी कापड बेतण्यापूर्वी आगाऊ रक्कम घेतो, त्याचा कोणाला राग येत नाही.

बिल थकले तर काय करावयाचे, याचेही एक साधन आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यान्वये सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे खरेदीदाराने ठरल्या तारखेस, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावयास हवे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. सेवा देणारी एकटी व्यक्तीही १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी करू शकते. ही नोंदणी विनामूल्य आहे आणि ती काम घेण्यापूर्वीच केलेली असावी. भांडण उद्भवल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

लेखक आणि भाषांतरकार यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदाही ओझरता वाचावा. स्वतंत्रपणे केलेल्या लेखनाचा हक्क लेखी करारावाचून दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरते समजले जाते. छायाचित्रे, चित्रे यांचे मात्र वेगळे आहे. मोबदला देऊन ती करवून घेणाराच, करारात अन्यथा नसल्यास, पहिला हक्कदार ठरतो. सही करण्यापूर्वी पाच मिनिटे वाचनात घालवली तर पुढची पाच वर्षे पश्चात्ताप करावा लागत नाही.

कराविषयीची धास्तीही अनाठायी आहे. ग्राहकाने व्यावसायिक शुल्कातून दहा टक्के कर कापला, तर ती रक्कम बुडाली असे नव्हे. विवरणपत्र भरल्यावर ती हिशेबात धरली जाते आणि देय कराहून जास्त असेल तर परत मिळते. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला मात्र जपून ठेवावा.

भामटे आणि यंत्रे

जिथे गरजू असतात तिथे भामटे पोहोचतातच. ‘घरबसल्या टंकलेखन करा आणि महिना अमुक हजार मिळवा’ या जाहिरातींचा साचा ठरलेला आहे. आधी नोंदणीशुल्क किंवा अनामत मागतात. मग काम देतात, त्यात चुका दाखवतात आणि शेवटी करारभंगाबद्दल वकिलाच्या नावाची धमकीवजा नोटीस पाठवून आणखी पैसे उकळतात. हताश पदवीधर आणि घरी असलेल्या गृहिणी त्यांना हमखास बळी पडतात. ओळखण्याची खूण एकच आहे. खरे काम पैसे देते. जे काम आधी पैसे मागते ते काम नव्हे. फसगत झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. नोटिशीच्या भीतीने दुसरा हप्ता मुळीच देऊ नये.

दुसरे आव्हान अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ अवतरल्यापासून साधे लेखन आणि ढोबळ भाषांतर क्षणार्धात करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. अनेक ग्राहक आता भाषांतर मागत नाहीत. यंत्राने केलेल्या भाषांतराची दुरुस्ती मागतात आणि तीही कमी दरात. याकडे डोळेझाक करून भागणार नाही. ज्या कामात चूक झाली तरी कोणाचे बिघडत नाही, ते काम यंत्राकडे जाणार. ज्या कामात चुकीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, तिथे जबाबदारी घेणारा माणूस लागणार. गोळी ‘जेवणापूर्वी’ घ्यावयाची की ‘जेवणानंतर’, हे तपासून त्याखाली आपले नाव घालणाऱ्याला मोल आहे. यंत्राची मदत घ्यावी, पण ती घेतल्याचे लपवू नये. आणि ग्राहकाचा गोपनीय कागद त्याच्या परवानगीवाचून अशा यंत्राच्या स्वाधीन करू नये.

आपली जबाबदारी

या प्रश्नाशी शिक्षक आणि कारकून वर्गाचा संबंध दुहेरी आहे. काहींना स्वतःलाच फावल्या वेळात असे काम करावेसे वाटते. त्यांनी आपले सेवानियम आधी पाहावेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार किंवा नोकरी करता येत नाही. साहित्यिक वा कलाविषयक प्रासंगिक कामाला त्यात काही सवलत आहे. परंतु नियमित उत्पन्नाचा उद्योग ही गोष्ट निराळी.

याहून मोठा संबंध आहे तो आपल्या विद्यार्थ्यांचा आणि मुलांचा. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत आयुष्याची उमेदीची वर्षे मोजक्या पदांसाठी खर्ची घालणारे हजारो तरुण आपण पाहतो. त्या सर्वांनी परीक्षा सोडून संगणकापुढे बसावे, असा उपदेश करणे बेजबाबदारपणाचे होईल. स्वतंत्र व्यवसाय हा बेकारीवरचा तोडगा नाही. रोजगार निर्माण करण्याच्या सरकारच्या जबाबदारीवर त्याचे पांघरूण घालणेही योग्य नाही. पहिले वर्ष बहुतेकांना जडच जाते आणि घरचा आधार नसेल तर ते निभावणेही कठीण होते. परंतु ज्याच्या हाती कसब आहे आणि जो या वाटेने विचारपूर्वक निघाला आहे, त्याला ‘नोकरी लागेपर्यंत काहीतरी करतो’ या वाक्याने आपण दररोज छोटे करीत असतो. घरात आहे म्हणून दळण आणावयास पाठवणे, दुपारी पाहुण्यांच्या सरबराईस बसवणे, यातून त्याच्या कामाची आपण काय किंमत करतो ते दिसते. ही झळ मुलींना आणि सुनांना अधिक लागते. घरातला एक कोपरा आणि दिवसाचे चार अखंड तास, एवढे त्यांना मिळाले तरी पुष्कळ झाले. शाळा-महाविद्यालयांतून निबंधाबरोबर प्रस्ताव कसा लिहावा आणि बिल कसे करावे हे शिकविले, तर त्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागणार नाही.

आपल्या जुन्या बाजारपेठेत ‘पत’ नावाची एक वस्तू होती. ती दुकानात मांडलेली नसे, पण सारे दुकान तिच्यावर चाले. ती मिळवावयास वर्षे लागत आणि घालवावयास एक खोटे माप पुरे होई. इंटरनेटवरील ताऱ्यांच्या खुणा आणि ग्राहकांचे अभिप्राय ही त्याच पतीची नवी खातेवही आहे. वेळेवर दिलेले काम, कबूल केलेली चूक, न परवडणाऱ्या कामाला दिलेला स्पष्ट नकार यांनीच ती भरते. घोडा आणि हत्यारे शिलेदाराने स्वतः आणावयाची असतात, हे खरे. पण निघताना घरच्यांनी दरवाजा अडवून धरू नये, एवढी अपेक्षा तो आपल्याकडून निश्चितच करू शकतो.